कैरोतील इजिप्शियन संग्रहालये मार्गदर्शकासोबत कशी पाहावीत: तिकिटापासून परतीच्या बसपर्यंतचा क्रम

इजिप्तची सहल करून आलेल्या आपल्याकडील मंडळींना कैरोच्या संग्रहालयात काय पाहिले असे विचारले, तर उत्तर बहुधा ‘तुतनखामेन राजाचा सोन्याचा मुखवटा पाहिला आणि पाय दुखेपर्यंत चाललो’ एवढ्यावर संपते. काहींचा तर मुखवटाही हुकतो, कारण ते ज्या इमारतीत गेले तेथून तो आधीच हलवलेला असतो. याचा दोष मार्गदर्शकाला दिला जातो, पण चूक सहसा त्याची नसते. ती त्याच्या आधीच, म्हणजे इमारत, वार आणि वेळ ठरवताना झालेली असते.

पुढील टप्पे लिहिताना एकच तत्त्व धरले आहे. ज्या वस्तू कोणी समजावून सांगितल्याशिवाय कळत नाहीत त्या मार्गदर्शकासोबत पाहाव्यात आणि ज्या नुसत्या पाहूनही मनात भरतात त्या तो गेल्यावर सावकाश पाहाव्यात. बहुतेक गट नेमके याच्या उलट करतात. मुखवट्यासमोर मार्गदर्शकाचा अर्धा तास घालवतात आणि नार्मेर या प्राचीन राजाच्या कोरीव शिलापट्टासमोरून चालता चालता पुढे जातात.

टप्पा १: आधी इमारत ठरवा

कैरो परिसरात प्राचीन इजिप्तची तीन मोठी संग्रहालये आहेत आणि सहलीच्या माहितीपत्रकात तिन्हींसाठी ‘इजिप्शियन म्युझियम’ असा एकच मोघम उल्लेख आढळतो. गोंधळाचे मूळ तेथेच आहे.

पहिले संग्रहालय तहरीर चौकातील, गुलाबी रंगाच्या इमारतीतले. ते १९०२ पासून तेथे आहे. जुन्या राज्याच्या, म्हणजे मोठ्या पिरॅमिडांच्या, काळातील उत्कृष्ट मूर्तिकाम पाहायचे असेल तर आजही येथेच यावे लागते.

दुसरे गिझाच्या पिरॅमिडांजवळचे ग्रँड इजिप्शियन म्युझियम. त्याचे औपचारिक उद्घाटन १ नोव्हेंबर २०२५ रोजी झाले. तुतनखामेनच्या थडग्यात १९२२ साली सापडलेल्या पाच हजारांहून अधिक वस्तू आता येथे आहेत आणि मुखवटाही येथेच आहे.

तिसरे फुस्तात भागातील राष्ट्रीय इजिप्शियन संस्कृती संग्रहालय. ३ एप्रिल २०२१ रोजी राजघराण्यातील २२ ममी, म्हणजे १८ राजे आणि ४ राण्या, तहरीर चौकातून मिरवणुकीने येथे आणल्या गेल्या. राजांच्या ममी पाहण्याची इच्छा असेल तर येथेच जावे.

*इशारा:* खुद्द तुतनखामेनची ममी या तिन्हींपैकी कोठेही नाही. ती लक्झरजवळील राजांच्या खोऱ्यात, त्याच्या थडग्यातच आहे. नेफरतिती राणीचा प्रसिद्ध अर्धपुतळा बर्लिनमध्ये आणि रोझेटा शिला लंडनमध्ये आहे. ‘ते कोठे आहे’ हे मार्गदर्शकाला विचारून त्याला अवघडवू नये.

आमच्या नात्यातील एका काकांनी परतल्यावर मोठ्या अभिमानाने तुतनखामेनचा मुखवटा म्हणून जे छायाचित्र दाखवले, ते तहरीर चौकातील प्सुसेन्नेस पहिला या राजाच्या सोन्याच्या मुखवट्याचे होते. तो मुखवटा देखणा आहे आणि तो पाहण्यासाठी वेगळे जाणेही योग्य ठरेल, पण त्यासाठी आपण कोणासमोर उभे आहोत हे माहीत असायला हवे. हा मुखवटा सबंध सोन्याचा दिसतो, तर तुतनखामेनच्या शिरोवस्त्रावर निळ्या काचेचे ठळक पट्टे आहेत. फरक ओळखण्यास एवढी एक खूण पुरते.

*तपासणी:* सहल कंपनीच्या कार्यक्रमपत्रिकेत संग्रहालयाचे पूर्ण नाव आणि ठिकाण लिहिलेले आहे का? नसेल तर ते लेखी मागून घ्या.

टप्पा २: वार आणि वेळ

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे सकाळी पिरॅमिड आणि दुपारी गिझाचे संग्रहालय असा एकाच दिवसाचा बेत. नकाशावर दोन्ही शेजारी दिसतात म्हणून तो सोयीचा वाटतो. प्रत्यक्षात पिरॅमिडांच्या पठारावर चार तास उन्हात आणि वाळूत चालल्यावर माणूस संग्रहालयात शिरतो तो बसायला जागा शोधतच. त्यातच मधल्या वेळेत अत्तराच्या किंवा पपायरसच्या, म्हणजे प्राचीन पद्धतीच्या कागदाच्या, दुकानाचा थांबा घातलेला असेल, तर मार्गदर्शकाच्या हाती जेमतेम दीड तास उरतो.

शक्य असेल तर संग्रहालयासाठी स्वतंत्र सकाळ ठेवा. ते जमतच नसेल तर गिझाचे संग्रहालय बुधवारी आणि शनिवारी रात्री उशिरापर्यंत उघडे असते, त्याचा उपयोग करा. पिरॅमिड सकाळी पाहावेत, दुपारी हॉटेलवर जाऊन आडवे व्हावे आणि संध्याकाळी संग्रहालयात जावे. रमजानच्या महिन्यात वेळा बदलतात, म्हणून प्रवासाच्या आठवड्यात अधिकृत संकेतस्थळावर वेळा पुन्हा एकदा पाहून घ्याव्यात.

एका दिवसात एकच संग्रहालय, हा नियम मी स्वतः कधीही मोडणार नाही. तहरीर चौक आणि गिझा यांच्यामध्ये कैरोची वाहतूक आहे आणि त्या वाहतुकीत पुणेकरालाही घरी असल्यासारखे वाटते.

टप्पा ३: तिकीट आणि कार्ड

गिझाच्या संग्रहालयाचे तिकीट ठरावीक वेळेचे असते आणि ते अधिकृत संकेतस्थळावरून आधी काढावे लागते. तेथे दोन प्रकार दिसतात. एक साधे प्रवेश तिकीट आणि दुसरे संग्रहालयाच्या स्वतःच्या मार्गदर्शकासोबतच्या फेरीचे. तुमच्यासोबत सहल कंपनीचा मार्गदर्शक असेल तर दुसरे तिकीट काढण्याचे कारण नाही. अनेक जण दोन्ही काढून बसतात आणि मग एका मार्गदर्शकाला दुसऱ्यासाठी ताटकळत ठेवतात.

इजिप्तमधील मोठ्या स्थळांच्या खिडक्यांवर परदेशी पाहुण्यांकडून रोख रकमेऐवजी बँकेचे कार्ड मागितले जाते. आपल्याकडील लोक येथे हमखास अडकतात. भारतीय बँकांच्या कार्डांवर परदेशातील व्यवहार मुळात बंद असतात आणि ते बँकेच्या ॲपमधून स्वतः सुरू करावे लागतात. हे काम निघण्यापूर्वी घरी करावे, कारण ओटीपी ज्या सिमवर येतो ते सिम परदेशात चालेलच असे नाही. रुपे कार्डावर विसंबू नये. व्हिसा किंवा मास्टरकार्डची निदान दोन कार्डे, तीही शक्यतो वेगवेगळ्या बँकांची, जवळ असावीत.

विद्यार्थ्यांना सवलत असते, पण त्यासाठी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी ओळखपत्र जवळ असलेले बरे. महाविद्यालयाच्या साध्या ओळखपत्रावर काम होईलच असे धरून चालू नये.

*इशारा:* तहरीर चौकात संग्रहालयाच्या बाहेर एखादा सभ्य गृहस्थ येऊन ‘आत्ता संग्रहालय बंद आहे, तासाभराने उघडेल, तोवर माझे दुकान पाहा’ असे सांगू शकतो. संग्रहालय सकाळी नऊला उघडते आणि ते बंद आहे की नाही हे दारावरच्या सुरक्षारक्षकाकडूनच समजून घ्यावे.

टप्पा ४: मार्गदर्शकाशी आधी बोलून घ्या

इजिप्तमध्ये स्थळांवर गटाला माहिती सांगण्याचे काम परवानाधारक इजिप्शियन मार्गदर्शकच करतो. याचा आपल्यासाठी अर्थ असा, की मुंबईहून किंवा पुण्याहून सोबत आलेला टूर लीडर दालनात उभा राहून मराठीत व्याख्यान देऊ शकत नाही. कितीतरी गट ‘आपला माणूस मराठीत सांगेल’ या भरवशावर जातात आणि आत गेल्यावर हिरमुसतात. मराठीतून ऐकायचे असेल तर ते बसमध्ये, आदल्या संध्याकाळी किंवा न्याहारीच्या वेळी उरकून घ्यावे. टूर लीडरला तशी विनंती आधीच करावी. जाणकार लीडर असेल तर तो अर्ध्या तासात पाया पक्का करून देतो.

मार्गदर्शकाशी फेरीपूर्वी चार गोष्टी स्पष्ट बोलाव्यात. फेरी किती वेळाची आहे, त्यानंतर मोकळा वेळ किती मिळेल, कोणत्या वस्तू पाहायच्याच आहेत आणि वाटेत दुकानाचा थांबा आहे का. यातली तिसरी गोष्ट सांगताना संकोच करू नये. मार्गदर्शक रोज तोच मार्ग घेतो, पण कोणी पाच वस्तूंची यादी हातात ठेवली तर त्याला खरा आनंद होतो, कारण पर्यटकांकडून असे क्वचितच घडते.

उच्चारांचीही थोडी तयारी ठेवावी. अरबी भाषेत ‘प’ नाही, त्यामुळे इंग्रजी बोलताना काही मार्गदर्शकांच्या तोंडी ‘पिरॅमिड’चा ‘बिरॅमिड’ आणि ‘पपायरस’चा ‘बबायरस’ होतो. तसेच कैरोच्या बोलीत ‘ज’च्या जागी ‘ग’ येतो, म्हणून आपण ज्याला गिझा म्हणतो त्याला तेथे गीझाच म्हणतात, मात्र इतर अरब देशांतील माणूस त्यालाच जीझा म्हणेल. पहिल्या दहा मिनिटांत कान सरावतात. तोवर मान डोलावून चुकीचे समजून घेण्यापेक्षा पुन्हा विचारावे.

टप्पा ५: घरी करायची तयारी

हा टप्पा वगळला तर बाकीच्या सगळ्या टप्प्यांची किंमत निम्मी होते. यासाठी जाडजूड ग्रंथ वाचण्याची गरज नाही. चार गोष्टी पक्क्या केल्या तरी पुरे.

*काळाची चौकट.* मार्गदर्शक सारखे तीन शब्द वापरतो: जुने राज्य, मध्य राज्य आणि नवे राज्य. जुने राज्य साधारण इ.स.पू. २६८६ ते २१८१, मध्य राज्य इ.स.पू. २०५५ ते १६५०, नवे राज्य इ.स.पू. १५५० ते १०६९. मोठे पिरॅमिड जुन्या राज्यातले. तुतनखामेन आणि दुसरा रामसेस नव्या राज्यातले. मोठ्या पिरॅमिडाचा राजा खुफू आणि तुतनखामेन यांच्यात सुमारे १,२०० वर्षांचे अंतर आहे, म्हणजे देवगिरीच्या यादवांपासून आजपर्यंत जेवढा काळ गेला त्याहूनही बरेच अधिक. क्लिओपात्रा तर तुतनखामेननंतर जवळजवळ १,३०० वर्षांनी, इ.स.पू. ३० मध्ये वारली. ‘पिरॅमिड तुतनखामेनने बांधले का’ असा प्रश्न मार्गदर्शकांना रोज ऐकावा लागतो. तो आपल्या गटातून तरी जाऊ नये.

*वरचा आणि खालचा इजिप्त.* वरचा इजिप्त नकाशावर खाली, म्हणजे दक्षिणेला आहे आणि खालचा इजिप्त उत्तरेला, समुद्राकडे. नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते आणि नावे नदीच्या उतारावरून पडली आहेत. मराठी माणसाला हे सहज कळावे, कारण आपणही ‘वर घाटावर’ आणि ‘खाली कोकणात’ म्हणतो तेव्हा नकाशाची वरची-खालची बाजू पाहत नाही. पांढरा उंच मुकुट वरच्या इजिप्तचा, लाल मुकुट खालच्या इजिप्तचा आणि दोन्ही एकात एक घातलेले असतील तर तो राजा दोन्ही प्रदेशांवर हक्क सांगतो आहे. एवढे ध्यानात ठेवले की निम्म्या मूर्ती स्वतः वाचता येतात.

*एका राजाची दोन नावे.* मार्गदर्शक खुफू म्हणेल आणि तुमच्या जुन्या पुस्तकात चिऑप्स असेल. खाफ्रे आणि शेफ्रेन एकच, मेनकाउरे आणि मायसेरिनस एकच, आमेनहोतेप आणि आमेनोफिस एकच. इजिप्शियन नाव आणि त्याचे ग्रीक रूप असा हा मामला आहे. वहीत जोड्या लिहून ठेवाव्यात.

*एक कार्तूश ओळखायला शिका.* राजाचे नाव लांबट वर्तुळात कोरलेले असते, त्याला कार्तूश म्हणतात. संपूर्ण चित्रलिपी शिकण्याच्या भानगडीत न पडता तुतनखामेनचे राज्याभिषेकाचे नाव तेवढे पाठ करावे. सर्वांत वर सूर्याचे वर्तुळ, त्याखाली शेणकिडा, त्याखाली तीन लहान उभ्या रेघा आणि तळाशी अर्धगोल टोपली. वाचायचे असते ‘नेबखेपेरुरे’. मजा अशी की टोपलीचा ‘नेब’ चित्रात तळाशी असून उच्चारात पहिला येतो, तर सूर्याचा ‘रे’ देवाचे नाव म्हणून मानाने वर बसवलेला असतो आणि वाचताना शेवटी येतो. घरी कागदावर पाच वेळा काढून पाहा. तुतनखामेनच्या दालनात ही चार चिन्हे पेट्यांवर, दागिन्यांवर, जागोजागी दिसू लागतात. लहान मुलांना तर हा खेळच होतो आणि ती कंटाळत नाहीत.

*तपासणी:* वही न पाहता तीन राज्यांचा क्रम, दोन मुकुटांचे रंग आणि हे कार्तूश सांगता येते का? येत असेल तर तयारी झाली.

टप्पा ६: निघण्याच्या दिवशी

पायात रोजच्या सवयीचे बूट असावेत. सहलीसाठी नवे घेतलेले बूट त्या दिवशी घालू नयेत. सॅक छोटी ठेवावी, कारण सुरक्षा तपासणी होते आणि मोठी सामाने ठेवून घेतली जातात. सेल्फीची काठी आणि तिपाई हॉटेलवर राहू द्यावी. चिवडा आणि ठेपले बसमध्येच ठेवावेत. दालनात खाणे चालत नाही आणि काचपेटीशेजारी पुडी फोडणाऱ्याकडे रक्षक ज्या नजरेने पाहतो ती टाळलेलीच बरी. गिझाच्या संग्रहालयाच्या आवारात खाण्याची सोय आहे. शाकाहारी मंडळींना शहरात कुठेही मिळणारी कोशारी, म्हणजे तांदूळ, मसूर, मॅकरोनी आणि तळलेला कांदा यांचे मिश्रण, पोटभर होते.

ज्येष्ठांसोबत असाल तर चाकाच्या खुर्चीची चौकशी आत शिरतानाच करावी. ‘बघू, दमल्यावर घेऊ’ असे म्हणणारे दमतात तेव्हा जिन्याच्या मध्यावर असतात.

टप्पा ७: गिझाच्या संग्रहालयातील क्रम

१. प्रवेशद्वाराबाहेर दुसऱ्या रामसेसचा ओबेलिस्क, म्हणजे उंच निमुळता दगडी स्तंभ, खालून मोकळ्या असलेल्या उंच चौथऱ्यावर उभा केला आहे. लोक त्याच्यासमोर छायाचित्र काढून पुढे जातात. तसे न करता त्याच्या खाली जावे आणि मान वर करून पाहावे. ओबेलिस्कच्या तळावर कोरलेले रामसेसचे कार्तूश तेथून दिसते. एरवी हा तळ जमिनीत दडलेला असतो, म्हणूनच तो असा उंच टांगला आहे.

२. आतल्या भव्य दिवाणखान्यात दुसऱ्या रामसेसचा सुमारे ११ मीटर उंच आणि ८३ टन वजनाचा ग्रॅनाइटचा पुतळा आहे. येथे गर्दी साचते. गटाने पुतळ्यापासून थोडे दूर, एका बाजूला उभे राहून मार्गदर्शकाचे ऐकावे. कानातील ऐकण्याची यंत्रे दिली असतील तर ती येथेच तपासून घ्यावीत.

३. त्यानंतरचा मोठा जिना हे स्वतःच एक दालन आहे. मूर्ती खालून वर एका क्रमाने लावल्या आहेत: आधी राजांच्या प्रतिमा, मग देवालयांचे भाग, मग राजा आणि देव एकत्र आणि शेवटी दगडी शवपेट्या, म्हणजे मरणोत्तर प्रवास. शेजारी सरकते पट्टे आहेत आणि पाय दुखत असतील तर ते वापरावेत, पण सरळ वर जाऊन मग परत खाली उतरत पाहू नये. तसे केले तर कथा उलटी ऐकू येते. जिन्याच्या माथ्यावर मोठ्या काचेतून पिरॅमिड दिसतात. शवपेट्यांपाशी संपणाऱ्या चढणीनंतर समोर राजांची खरीखुरी थडगी दिसावीत, ही योजना त्यामागे आहे. दोन मिनिटे तेथे गप्प उभे राहावे.

४. आता खरा निर्णय घ्यायचा असतो. बहुतेक गट येथून थेट तुतनखामेनच्या दालनांत शिरतात. मी उलट सुचवतो: मार्गदर्शकाला आधी मुख्य दालनांत न्या. ही १२ दालने चार कालखंड आणि तीन विषय अशा जाळीत मांडली आहेत. विषय म्हणजे समाज, राजसत्ता आणि श्रद्धा. एका दिशेने चालल्यास काळ पुढे सरकतो, आडवे गेल्यास विषय बदलतो. ही जाळी कोणी समजावली नाही तर माणूस तेथे हरवतो. बाराही दालने पाहण्याचा हट्ट धरू नये. एक विषय निवडावा आणि तो चारही काळांतून पाहावा. प्रथम जाणाऱ्यांनी श्रद्धा हा विषय घेतला तर पुढे तुतनखामेनच्या वस्तू कशासाठी पुरल्या हे आपोआप उलगडते.

५. तुतनखामेनच्या दालनांच्या दाराशी मार्गदर्शकाला पंधरा मिनिटे बोलू द्यावे आणि आत आपापले जावे. एकात एक बसणाऱ्या सोनेरी देवघरांसारख्या चार पेट्या, त्यांच्या आत पुन्हा एकात एक शवपेट्या आणि सर्वांत आतली, सुमारे ११० किलो घन सोन्याची, ही रचना आधी कानावर पडलेली असली की आत कोणाला काही विचारावे लागत नाही. तेथे फक्त पाहायचे असते. मुखवटा समोरून पाहिल्यावर त्याच्या मागे जाऊन पाठीवरील कोरीव मजकूर जरूर पाहावा. समोर रांग असते, पण मागे कोणी नसते.

*इशारा:* फ्लॅश कोठेही वापरू नये. कोणत्या दालनात छायाचित्रणच बंद आहे ते दारावरील फलकावर पाहावे, मागील वर्षी गेलेल्या शेजाऱ्याला विचारून ठरवू नये.

६. खुफूच्या नौकेची इमारत आवारातच, पण वेगळी आहे. लाकडाची सुमारे ४३ मीटर लांबीची ही नौका पाहण्यासाठी निदान पाऊण तास राखून ठेवावा. ‘बाहेर पडताना पाहू’ म्हटलेली ही गोष्ट नेहमी राहून जाते, म्हणून मार्गदर्शकाशी ठरवतानाच तिची वेळ लिहून घ्यावी.

टप्पा ८: तहरीर चौकातील क्रम

येथे मांडणी सोपी आहे. तळमजला काळाच्या क्रमाने आहे, प्रवेश केल्यावर डावीकडे वळून घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरले की जुने, मध्य आणि नवे राज्य ओळीने येते. वरचा मजला विषयवार आहे. उजवीकडून सुरुवात करणारा गट उलटा इतिहास ऐकतो.

मार्गदर्शकाचा वेळ येथे तळमजल्यावरच खर्च करावा आणि तोही तीन-चार वस्तूंवर. नार्मेरच्या हिरवट शिलापट्टाला दोन बाजू आहेत. एका बाजूला राजा पांढरा मुकुट घालून शत्रूवर गदा उगारतो, दुसऱ्या बाजूला तोच लाल मुकुट घालून मिरवणुकीत चालतो. एकच बाजू पाहून सरकणाऱ्याला दोन प्रदेश एक झाल्याची गोष्ट अर्धीच कळते, म्हणून पेटीला प्रदक्षिणा घालावीच.

खाफ्रेच्या काळ्या-करड्या दगडातील मूर्तीपाशी लोक समोर उभे राहतात, तेथून फक्त एक प्रौढ, शांत राजा दिसतो. चार पावले बाजूला सरकावे. राजाच्या डोक्यामागे बसून पंखांनी त्याचे मस्तक कवटाळणारा, होरस देवाचे रूप असलेला ससाणा तेव्हा कोठे दिसतो. समोरून लपणारी आणि बाजूने प्रकट होणारी ही देवाची जागा शिल्पकाराने मुद्दाम योजली आहे, असे माझे मत आहे आणि तेवढ्यासाठी मी त्या मूर्तीपाशी पुन्हा पुन्हा जातो.

राहोतेप आणि नोफ्रेत या जोडप्याच्या डोळ्यांकडे एका कडेने पाहावे, बसवलेल्या स्फटिकांमुळे नजर जिवंत भासते. आणि मोठ्या पिरॅमिडाचा धनी खुफू याची येथील हस्तिदंती मूर्ती अवघी साडेसात सेंटीमीटर उंच आहे. करंगळीपेक्षा थोडी मोठी. मार्गदर्शकाला विचारून ती शोधावीच, कारण न विचारता ती सापडत नाही.

वरच्या मजल्यावर युया आणि त्जुया या जोडप्याच्या थडग्यातील वस्तू, तानिस या प्राचीन नगरातील खजिना आणि काकांनी गल्लत केलेला तो मुखवटा आहे. ते मोकळ्या वेळात पाहावे.

टप्पा ९: ममींचे दालन

फुस्तातमधील राजेशाही ममींच्या दालनात शांतता पाळायची असते आणि छायाचित्रण पूर्णपणे बंद असते. म्हणून मार्गदर्शकाने सांगायचे ते बाहेरच सांगून संपवावे. कोणत्या राजांसमोर थांबायचे हे आत जाण्यापूर्वी ठरवा. गिझाला ज्याचा प्रचंड पुतळा पाहिला त्या दुसऱ्या रामसेसचा देह येथे आहे, त्याचा पिता पहिला सेती येथे आहे आणि राणी हात्शेपसुतही येथेच आहे. मुलांना सोबत नेत असाल तर ही खरी माणसांची शरीरे आहेत हे त्यांना आधी शांतपणे सांगावे. आत गेल्यावर घाबरलेल्या मुलाला समजावणे कठीण जाते. दालनात हसणे-खिदळणे करणाऱ्यांना रक्षक टोकतात आणि ते योग्यच आहे.

टप्पा १०: मार्गदर्शक गेल्यानंतर

भेटण्याची जागा आणि वेळ सर्वांच्या मोबाइलवर लिहून घ्यावी. ‘दाराशी भेटू’ एवढे पुरत नाही, कारण दारे एकाहून अधिक असतात. ‘रामसेसच्या पायाशी, दीड वाजता’ असे नेमके ठरवावे.

मोकळ्या वेळात नवीन दालनांमागे धावू नये. फेरीत आवडलेल्या तीन वस्तूंपाशी परत जाऊन प्रत्येकी दहा मिनिटे थांबावे आणि दोन ओळी लिहाव्यात. माझ्या पहिल्या भेटीत मी दीडशे छायाचित्रे काढली आणि परतल्यावर त्यातली निम्मी कशाची आहेत हे मलाच सांगता येईना. तेव्हापासून वस्तूचे छायाचित्र काढल्यावर लगेच तिच्या माहितीपाटीचेही काढतो.

टप्पा ११: बक्षीश, दुकान आणि परतीचे सामान

बक्षीश हा शब्द तेथेही आपल्यासारखाच ऐकू येतो आणि अर्थही तोच आहे. स्वच्छतागृहातील सेवकासाठी सुटी नाणी किंवा लहान नोटा खिशात असाव्यात. मार्गदर्शकाची बक्षिसी गटाने एकत्र जमवून पाकिटातून द्यावी. ‘या, तुम्हाला खास कोपरा दाखवतो’ असे दालनात कोणी खुणावले तर हसून नकार द्यावा, कारण त्या कोपऱ्याची किंमत नंतर सांगितली जाते.

पपायरस घेताना ते केळीच्या सालीचे नाही ना हे पाहावे. खरे पपायरस उजेडासमोर धरले की आडव्या आणि उभ्या पट्ट्यांची जाळी स्पष्ट दिसते आणि ते हळूच गुंडाळले तर मोडत नाही. रस्त्यावर ‘खरी प्राचीन वस्तू’ म्हणून कोणी काही दाखवले तर हातातही घेऊ नये. १९८३ च्या कायद्यानुसार इजिप्तमधून पुरातन वस्तू बाहेर नेण्यास बंदी आहे. संग्रहालयाच्या दुकानातून घेतलेली दगडी किंवा धातूची प्रतिकृती विमानतळावरील यंत्रात संशयास्पद दिसू शकते, म्हणून तिची पावती मोठ्या बॅगेत न टाकता पासपोर्टसोबत हातपिशवीत ठेवावी.